पावतीपुस्तकातलं गिरगाव

भाडं मागायला येणाऱ्या माणसाला चाळीत कुणी "या, बसा" म्हणत नाही. दारातूनच "सोमवारी बघू" ऐकू येतं. आतून बाईमाणूस विचारतं, "कोण आलंय?" आणि उत्तर जातं, "मेहता." मी आडनावाने मेहता नाही, जातीने नाही, कुठल्याच बाजूने नाही. पण मालकाच्या वतीने पावत्या फाडणारा तो मेहता, हा गिरगावचा रिवाज. 1972 साली, 21 वर्षांचा असताना, मी एका मालकाच्या पेढीवर चिकटलो आणि 2009 साली तिथूनच घरी बसलो. चार चाळी, 146 खोल्या. दर महिन्याच्या 5 तारखेपासून जिने चढायचे, मजल्यावर नळाच्या पाण्याची रांग चुकवत पुढे सरकायचं, पावती फाडायची आणि स्थळप्रतीवर सही घ्यायची.

पेढी उठली तेव्हा जुनी पावतीपुस्तकं रद्दीत निघाली होती. मी दोन ट्रंका भरून ती डोंबिवलीला आणली. बायको अजून त्या ट्रंकांवर राग काढते. पण 'गिरगावातला मराठी माणूस कुठे गेला' अशी चर्चा लग्नाच्या पंगतीत सुरू झाली, की मला त्या ट्रंका आठवतात. पंगतीत कारणं ठरलेली असतात. गुजराती-मारवाड्यांनी हाकललं, बिल्डरांनी लुटलं, पुढाऱ्यांनी विकलं. यातलं काहीच खोटं नाही, पण ते सगळं फार नंतरचं. माझ्या स्थळप्रती वेगळंच सांगतात. गिरगाव रिकामं झालं ते एकेका लग्नाने.

खोली नंबर 23 घ्या. दुसरा मजला, जिन्यापासून चौथी. दहा बाय बाराची खोली, आत मोरी, वर पोटमाळा, पुढे सामाईक गॅलरी, संडास मजल्याच्या टोकाला. राजापूरकडचे एक गृहस्थ 1930 नंतर केव्हातरी बोटीने आले आणि फोर्टातल्या एका कचेरीत कारकून झाले. 1941 च्या स्थळप्रतीवर त्यांच्या खोलीचं भाडं 11 रुपये 8 आणे आहे. मी पहिली पावती फाडली तेव्हा, पालिकेच्या करातली वाढ आणि 1969 नंतर लागलेला दुरुस्ती उपकर धरून, ते 19 रुपये 40 पैसे झालं होतं. तेव्हा माझा पगार 190 रुपये होता. म्हणजे 31 वर्षांत मालकाचं मूळ भाडं जिथल्या तिथे होतं आणि त्या खोलीत माणसं मात्र दोनाची सात झाली होती.

ही सात माणसं झोपायची कशी, हे मला ठाऊक आहे, कारण पावसाळ्यात एकदा रात्री गळतीची तक्रार आली म्हणून मी कंदील घेऊन गेलो होतो. कॉटवर नाना, म्हणजे ते राजापूरकडचे गृहस्थ. कॉटखाली, पाय मोरीकडे करून, त्यांची बायको, म्हणजे काकू, आणि लेक. थोरला पोटमाळ्यावर, तिथे उठून बसलं की डोकं तुळईला लागायचं. दोघं गॅलरीत गोणपाट टाकून. चौथा कांदेवाडीतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये कागदाच्या रिमांवर. तो रोज रात्री जेवून उशी काखेत मारून निघायचा, तेव्हा शेजारचे विचारायचे, "काय रे, निघाली वरात?"

1974 साली थोरल्याचं लग्न झालं. खोलीत पडदा लागला आणि नाना गॅलरीत आले. 1977 साली दुसऱ्याचं ठरलं, तेव्हा काकूंनी मला आत बोलावून चहा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊ, तुमच्या मालकांकडे एखादी खोली मोकळी होतेय का? भाडं काय म्हणाल ते."

"काकू, मोकळी खोली आता कुणी भाड्याने देत नाही."

हे मी खरं सांगत होतो. ते खरं कशामुळे झालं होतं, हे जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण पंगतीत ते कुणी सांगत नाही.

मुंबईत भाडी बांधून घालणारा पहिला कायदा 1918 साली आला. महायुद्ध संपत होतं, गर्दी फार झाली होती. काही वर्षांनी तो कायदा संपला. दुसऱ्या युद्धाच्या वेळी 1939 साली पुन्हा तशीच तरतूद झाली, आणि 1947 च्या कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं तेच 'स्टँडर्ड रेंट' म्हणून धरलं. कायदा तात्पुरता होता. तो तात्पुरता कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं जगला. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं, की इतकी वर्षं भाडं गोठवून ठेवणं आता अन्यायाचं झालं आहे, तेव्हा कुठे 1999 चा नवा कायदा आला आणि 2000 पासून वर्षाला 4 टक्के वाढ मिळू लागली. एकोणीस रुपयांवर 4 टक्के म्हणजे किती, ते वाचकांनीच काढावं.

भाडेकरूंचं त्यात भलं झालं नाही असं मी म्हणणार नाही. तो कायदा नसता तर नाना 1945 सालीच चंबूगबाळं घेऊन राजापूरला परतले असते. पण त्याच कायद्याने खोलीचा पिंजराही केला. इतक्या स्वस्त खोलीतून कोण उठणार? आणि इतक्या भाड्यात दुरुस्ती कोण करणार? आमच्या मालकाने शेवटचा चुना 1958 साली लावला होता. त्यानंतर भिंतीत पिंपळ आला, पुढे म्हाडाचे टेकू आले.

भर पडली ती 1973 साली. 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्यांनाही 1 फेब्रुवारी 1973 पासून भाडेकरूचं संरक्षण मिळालं. हेतू चांगलाच होता. पण मालकवर्ग जो धसकला तो धसकला. माझ्या पुस्तकांत 1960 च्या आसपासपर्यंत असं दिसतं, की धाकट्याचं लग्न झालं की तो त्याच चाळीत वरच्या मजल्यावर किंवा समोरच्या वाडीत नवी पावती घेऊन बिऱ्हाड करतो. 1973 नंतर अशी एकही नवी पावती नाही. खोली मिळायची ती पागडीने: जुना भाडेकरू रक्कम घेणार, साधारण तिसरा हिस्सा मालकाला देणार, आणि मग मी नव्या नावाची पावती फाडणार. हा व्यवहार 1999 पर्यंत कायद्याने गुन्हा होता. सगळे करायचे. मलाही त्यात चहापाणी मिळायचं, ते लपवून काय उपयोग.

आता घरातलं गणित पाहा. पावतीवर नाव एकाचंच असतं. नाना गेले तेव्हा त्यांच्याबरोबर राहत असलेल्या माणसाच्या नावावर पावती होणार, हा कायदा. जो आधीच बाहेर पडला त्याचा हक्क गेला. म्हणून कुणी बाहेर पडायला तयार नव्हता, आणि आत मावतही नव्हता. 23 नंबरमध्ये 1979 साली नाना गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चौघे भाऊ माझ्या टेबलापुढे उभे. पाच वर्षं घासाघीस चालली. शेवटी पावती धाकट्याच्या नावावर, म्हणजे तो प्रेसमध्ये झोपणारा, आणि त्याने कर्ज काढून तिघांना पैसे द्यायचे असं ठरलं. थोरला डोंबिवलीला, दुसरा बोरिवलीला, तिसरा विरारला. तिघांची घरं नवी, वेगळ्या मोरीची, आत संडास असलेली. कुणीही त्यांना हाकललं नव्हतं. काकू मात्र अखेरपर्यंत म्हणायच्या, "माझी तीन पोरं घालवली हो या खोलीने."

गिरणगावाचं दुःख वेगळं होतं. 18 जानेवारी 1982 ला संप झाला, गिरण्या बसल्या, आणि लालबाग-परळच्या माणसाचं कामच गेलं. आमच्याकडे काम शाबूत होतं. बँका, विमा, रेल्वे, मंत्रालय, सगळं चालत्या अंतरावर. फक्त रात्री पाठ टेकायला जागा नव्हती.

बोरिवली आणि डोंबिवली ही दोन नावं माझ्या स्थळप्रतींवर पेन्सिलीने पुन्हा पुन्हा लिहिलेली आहेत, कारण खोली सोडणाऱ्याचा नवा पत्ता मी टिपून ठेवायचो. चर्नी रोडवरून गाडी पकडणारा बोरिवलीकडे वळला. व्हीटीला उतरणारा डोंबिवलीकडे. त्याआधीची पिढी, म्हणजे 1920 नंतर निघालेली, दादर, माटुंगा आणि पार्ल्याला गेली. पार्ले टिळक विद्यालय 1921 चं, ते उगाच नाही. सारस्वतांनी तर फार आधी शहाणपण दाखवलं. 1915 साली तळमकींनी गावदेवीत सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, आमच्या चाळींपासून चालत दहा मिनिटांवर. तेव्हा आम्ही कोकणस्थ-देशस्थ-मराठे सगळे आठ-दहा रुपये भाड्यावर खूश होतो. स्वस्त भाड्याची नशा काय असते, ते मी दर पाच तारखेला पाहिलं आहे.

आणि 'आमचं गिरगाव' म्हणताना आम्ही जरा जपून म्हणावं, असंही मला वाटतं. या भागाच्या नावांकडेच बघा: फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, जांभूळवाडी, मुगभाट. या बागा आणि शेतं होती. पाठारे प्रभूंच्या, ईस्ट इंडियनांच्या आणि आणखी कितीकांच्या. 1803 साली कोटात मोठी आग लागली, लोक कोटाबाहेर वसू लागले. पुढे बागांतून चाळी उठल्या आणि बोटीने आलेल्या कोकणी कारकुनांनी त्या भरल्या. पाठारे प्रभूंनी हळूहळू घरं विकली आणि त्यांच्यातले कितीतरी खारला जाऊन वसले. त्यांच्या एखाद्या आजीने 1925 साली म्हटलं असेल, 'गिरगाव आता आपलं राहिलं नाही, जिकडेतिकडे भट आणि घाटी.' खोताच्या वाडीतल्या ज्या लाकडी घरांचे फोटो काढायला आज लोक येतात, ती त्या आधीच्या गिरगावची.

गुजरात्यांचं म्हणाल, तर ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली मुंबईतला सार्वजनिक गणपती पहिल्यांदा बसला, आणि 1901 साली लोकमान्य जिथे दर्शनाला येऊन गेले, ते केशवजी नाईक कच्छी व्यापारी होते. विटा त्यांच्या, आरत्या आमच्या. अशीच ती वस्ती होती. माझे मालकही कच्छचेच, आणि माझा पगार त्यांच्याच तिजोरीतून निघायचा.

मग बदललं काय? 1970 नंतर ऑपेरा हाउसला हिऱ्यांचा धंदा वाढला. पंचरत्न इमारतीच्या आसपास हिरे घासणारे, दलाल, आंगडिये यांची वर्दळ सुरू झाली. त्यांना जवळ जागा हवी होती. भुलेश्वर-काळबादेवीची दुकानदार कुटुंबं स्वतःच्या खोल्यांत आमच्यासारखीच कोंबलेली होती. त्यांनाही एक खोली जास्त हवी होती. त्यांच्याकडे रोख पैसा होता आणि आमच्याकडे भांडणारे भाऊ. माझ्या 146 खोल्यांपैकी 1975 ते 1995 या वीस वर्षांत 61 खोल्यांची पावती बदलली. त्यातली एकही जबरदस्तीने नाही. प्रत्येक वेळी आमचाच माणूस गिऱ्हाईक घेऊन आला, बहुतेकदा चपला बाहेर काढून, हळू आवाजात.

नव्या शेजाऱ्यांबरोबर कुरबुरी आल्या. सुकट भाजली की गॅलरीत दारं धडाधड लागायची. 1990 नंतर नव्या इमारतींत 'मांसमच्छी खाणाऱ्यांना जागा नाही' हे उघड बोललं जाऊ लागलं, आणि आमची माणसं चिडली. चिडण्यासारखंच आहे ते. पण मी पावत्या फाडणारा माणूस आहे, मला दुसरी बाजूही ठाऊक आहे. आमच्या चार चाळींपैकी दोन 'ब्राह्मणांच्या' म्हणूनच ओळखल्या जात. माझ्या आधीच्या मेहतांनी खोली देताना जात विचारली, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही विचारली. बांगडे तळल्याची पहिली लेखी तक्रार माझ्या फायलीत आहे ती 1953 ची. तक्रार करणाऱ्या बाईंचं आडनाव मी इथे देत नाही. एवढंच सांगतो की त्या गुजराती नव्हत्या.

मी स्वतः कधी निघालो? 1986 साली. माझं बिऱ्हाड मुगभाटात, वडिलांच्या नावाच्या खोलीत. दोन भाऊ, दोन जावा, तीन पोरं. ज्या माणसाने शंभर घरांचे वाटे होताना पाहिले, त्याच्या घरी वेगळं काय होणार? धाकट्याला पावती दिली. त्याने दिलेले 40 हजार, बायकोचे पाटल्या-बिलवर आणि पतपेढीचं कर्ज मिळून डोंबिवली पूर्वेला 380 चौरस फुटांची जागा घेतली. टेम्पोत सामान किती, तर एक कपाट, दोन ट्रंका, पितळी पिंप, देव्हारा आणि आईने हट्टाने मांडीवर धरलेली तुळशीची कुंडी. पहिल्या रात्री आई तीन वेळा उठली. म्हणाली, "गाड्यांचा आवाज नाही, झोप कशी यायची?" बायको मात्र दार आतून लावून एकटी न्हाणीघरात कितीतरी वेळ बसून होती. पाणी गेलेलं होतं. ती नुसतीच बसली होती, आपल्या घराच्या, आपल्या एकटीच्या न्हाणीघरात.

दुसऱ्या दिवसापासून मी 48 किलोमीटर उलटा जाऊन त्याच जिन्यांवर भाडं मागू लागलो. पुढे 23 वर्षं. गाडीत भेटणारे निम्मे चेहरे माझ्या पावतीपुस्तकातले. कळव्याच्या पुलाखाली गाडी थांबली की कुणीतरी हटकून म्हणायचं, "मेहता, माझी खोली आता कितीला जाईल हो?" डोंबिवलीत आम्ही गिरगाव वसवायचा प्रयत्न केला. फडके रोड, गणेश मंदिर, दिवाळी पहाट. 1999 साली तिथल्या मंदिरातून गुढीपाडव्याची शोभायात्रा निघाली तेव्हा मी पहिल्याच वर्षी लेझीमवाल्यांच्या मागे चाललो. आता गिरगावातही तशी यात्रा निघते. तिच्यात नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुलींपैकी किती जणी सकाळच्या लोकलने येतात, ते मला विचारा.

जनगणनेचे आकडे या साऱ्याला दुजोरा देतात. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या जुन्या मुंबईची लोकसंख्या 2001 साली 33 लाख 38 हजार होती, ती 2011 साली 30 लाख 85 हजारांवर आली. एवढे टॉवर उठत असताना माणसं अडीच लाखांनी घटली. टॉवरमध्ये दिवे कमी लागतात, हे रात्री गिरगाव चौपाटीवर उभं राहिलं तरी दिसतं.

23 नंबरचा धाकटा अखेरपर्यंत राहिला. पुनर्विकासाच्या नियमात 70 टक्के भाडेकरूंची संमती लागे. आमच्या चाळीत ती जमवायला 11 वर्षं गेली. चाळ पाडली, तो सहा वर्षं बाहेर भाड्याने राहिला आणि 300 चौरस फुटांची नवी जागा हातात आली. आत संडास, लिफ्ट, खाली वॉचमन. मी पेढा खाऊन आलो. तीन वर्षांनी त्याचा फोन आला, की जागा विकली, विरारला भावाशेजारी चाललो.

"का रे? आता तर कुठे सुख लागलं."

"मेहता, मेंटेनन्स महिन्याला साडेसहा हजार. माझी पेन्शन नाही, प्रेसचा फंड होता तो उपचारांत गेला. खाली भाजी घ्यायला गेलो तर टोपलीवाली नाही, एसी दुकान आहे. तुमची 43 रुपयांची पावती बरी होती हो."

त्याच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर आता भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन आहे. 2025 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. मी मुद्दाम जाऊन आलो. सरकत्या जिन्याने वर येताना वाटलं, ही सोय 1977 साली असती तर काकूंची मुलं गेली नसती का? गेलीच असती. मेट्रो माणसाला जागेपर्यंत नेते. दहा बाय बारात दुसरा पडदा लावून देत नाही.

माझा मुलगा गेल्या वर्षी डोंबिवली सोडून बदलापूरला गेला. इथल्या जागांचे भाव त्याच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, आणि माझ्या 380 चौरस फुटांत दोन संसार मावत नाहीत. 11 महिन्यांचा करार, दर वर्षी वाढीव भाडं. पावती मिळते का, विचारलं, तर म्हणाला, "बाबा, मोबाइलवर पैसे जातात, पावती कसली?"

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी गिरगाव, दादर, लालबाग, कुठल्याही चाळीच्या जुन्या भाडेपावत्या कपाटाच्या तळाशी पडल्या असतील, त्यांनी त्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नयेत. मागच्या बाजूला खोली कुणी सोडली आणि तो कुठे गेला, एवढं पेन्सिलीने लिहून ठेवावं.